चांदोली : वाघ दिसेल का, हा प्रश्न बाजूला ठेवून

रानवाटा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की चांदोलीबद्दल विचारणा सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : वाघ दिसेल का? म्हणून हा धागा काढतोय. वाघच बघायचा असेल तर सरळ ताडोब्याला जा. चांदोलीला घाटमाथा बघायला जायचं. माथ्यावरचं एवढं सलग जंगल महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे.

आधी थोडी ओळख. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झालं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ३१७.६७ चौरस किमी. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या हद्दी इथं एकमेकींना भिडतात. उत्तरेला कोयना अभयारण्य आहे. २०१० मध्ये ही दोन्ही जंगलं मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, गाभा ६००.१२ आणि एकूण ११६५.५७ चौरस किमी. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यांतली महाराष्ट्रातली चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

आकडे एवढे पुरेत. जमीन कशी आहे ते सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

पश्चिमेला कडा. तिथून कोकण एकदम खाली कोसळतं. त्या कड्यालगतच्या डोंगरांत वारणा उगम पावते, पूर्वेकडे वाहते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. मधे तिला अडवलंय ते चांदोलीच्या मातीच्या धरणानं. त्याचा जलाशय म्हणजे वसंतसागर, साठवण ३४.४० टीएमसी (अब्ज घनफूट). पाण्याच्या दोन्ही अंगांना चढत गेलेल्या उतारांवर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, आंबा, ऐन, किंजळ, खाली कारवीची गचपण. आणि या सगळ्याच्या डोक्यावर उघडे सपाट सडे.

सफारीत सगळ्यांत कमी वेळ दिला जातो तो सड्याला, आणि माझ्या मते इथली सगळ्यांत मोलाची जागा तीच आहे. झोळंबीच्या सड्यावर पहिल्यांदा आलेली माणसं गाडीतून उतरून दरीकडे तोंड करून फोटो काढतात. कृपा करून पायाखाली बघा. हा जांभा. काळ्या बेसाल्टवर लाखो वर्षं मुसळधार पाऊस पडत राहिला, त्यातला सिलिका धुपून गेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं आणि त्याचं हे तांबडं, भोकाभोकांचं कवच बनलं. त्यावर माती बोटभर. चार महिने गुडघाभर ओल आणि आठ महिने तव्यासारखा ताप. एवढ्या टोकाच्या जागी जगायचं तर झाडाला वेगळं शहाणपण लागतं. सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे पकडतात, कारण त्या मातीत त्यांना पुरेसा नत्र मिळत नाही. गेंद, कवला, दीपकाडी यांचा सगळा संसार पावसाळा आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत आटोपतो. कोरड्या दिवसांत सड्यावर काहीच नाही असं वाटतं तेव्हा कंद आणि बिया खाली वाट बघत असतात. सुट्या दगडांखाली बेडूक, पाली, विंचू, गांडुळासारखे दिसणारे पाय नसलेले उभयचर ओल धरून बसलेले असतात. म्हणून दगड उलटवू नका, रचून मनोरे करू नका. तो दगड कुणाचं तरी उन्हाळ्याचं घर आहे.

फुलांच्या भर हंगामात मात्र चांदोली बंद असते. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पर्यटकांना आत सोडत नाहीत. हा नियम मला पूर्ण पटतो. ज्यांना फुलंच बघायची आहेत त्यांनी सप्टेंबरात कासला जावं. चांदोलीत दार उघडल्यावर लगेच गेलात तर ओहोळ वाहते असतात, गवत कमरेइतकं उभं असतं आणि सड्यावर उशिरा फुलणारं थोडंफार सापडतं. जळवा आणि गोचिडी मात्र असतात, लांब मोजे घाला.

प्राण्यांत गवा बहुधा दिसतो. सांबर, भेकर, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या, कोळसुंदे (रानकुत्री), पिसोरी (चिमुकलं हरीण), खवल्या मांजर ही सगळी मंडळी आहेत, पण दाट झाडीत त्यांना तुम्ही दिसता, ते तुम्हाला नाही. शेकरू मान वर करून चालणाऱ्याला भेटतं. पुढचं प्रतिसादांत बोलू.

मिरजेची_मंजू

धागा आवडला, पण एक विचारते. आम्ही गेल्या वर्षी मुलांना घेऊन गेलो होतो. सकाळची फेरी, खड्ड्यांचा रस्ता, तीन तास. एक गवा, तोही पाठमोरा. मुलं कंटाळली. गाडीतल्या बाकीच्यांनी तर परतताना पैसे वाया गेले असंच म्हटलं. अशा कुटुंबांना तुम्ही काय सांगाल? सगळ्यांनाच काही गवतातली फुलं ओळखता येत नाहीत.

धनेश

मंजूताई, प्रश्न रास्त आहे. मी पक्षी बघायला जातो, माझा अनुभव सांगतो.

ताडोब्यासारख्या पानगळीच्या जंगलात नजर लांब जाते. चांदोलीत ती आठ-दहा पावलांत अडते. त्यामुळे इथं आधी कान लावायचे आणि मग डोळे. मुलांना तसंच सांगा. पहाटे ओढ्याच्या बाजूनं कुणीतरी विसरलेली चाल आठवत आठवत शीळ घालतंय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. डोक्यावरून कुणी मोठा पंखा हलवतंय असा आवाज आला तर वर बघा, धनेश असेल. भेकराचा आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा असतो आणि तो सारखा येत राहिला तर जवळ बिबट्या असण्याची शक्यता असते. मुलांना हे खेळासारखं आवडतं, मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

दुसरं, मार्च ते मे विसरू नका. उन्हाळ्यात पाणवठे थोडे उरतात आणि जनावर पाण्याला येतं. लपनगृहात गप्प बसून राहण्याची तयारी असेल तर तेव्हा जे दिसतं ते ऑक्टोबरात नाही. जांभळं, करवंदं, आंबे पिकतात तेव्हा फळं खाणारे पक्षी एकेका झाडावर जमतात. उंबर फळलेला दिसला तर गाडी थांबवायला सांगा आणि तिथंच थांबा. दहा जागा धावत बघण्यापेक्षा एका उंबराखाली बसणं केव्हाही चांगलं.

तिसरं, गडद मातकट कपडे. लाल-पिवळे जॅकेट घालून आलेल्या गाड्या मी रोज बघतो.

सह्यवेडा_पुणे

काय सुरेख लिहिलंय! अशी अस्पर्श, माणसाचा पाय न लागलेली जंगलं बघितली की वाटतं, इथं कुणालाच जाऊ देऊ नये. पर्यटकांनाही नाही. निसर्ग आपला आपण राहू दे.

वारणाथडी

सह्यवेडा, राग मानू नका, पण ही ओळ वाचून गप्प बसवलं नाही.

माणसाचा पाय न लागलेलं जंगल म्हणताय, तिथं आमचं घर होतं. झोळंबी, रुंदिव, ढाकाळे, चांदेल, निवळे, सोनार्ली ही नावं तुम्ही सफारीत ठिकाणं म्हणून ऐकता. ती गावं होती. काही धरणापायी उठली, काही अभयारण्यापायी. आमचं नंतर उठलं. मी तेव्हा शाळेत होतो, पण सगळं स्वच्छ आठवतं.

नाचणी, वरी आणि पावसाळी भात, एवढंच पिकायचं. उतारावर कुमरी करायची, दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं, मग ती जागा सोडून द्यायची. म्हशी होत्या. हिरडा गोळा करून विकायचा, त्यातून मीठ-कापड. दवाखाना म्हणजे डोलीत घालून दिवसभर चालणं. त्यामुळं गाव सुटलं ते वाईटच झालं असंही मी म्हणणार नाही. माझी धाकटी बहीण नर्स आहे, आत राहिलो असतो तर झाली नसती. पण जी जमीन कागदावर मिळाली, ती ताब्यात यायला आमच्या वडलांचं निम्मं आयुष्य कचेरीच्या पायऱ्यांवर गेलं. काहींच्या वाट्याला खडकाळ माळ आला, काहींना अजून काही नाही. डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर आमची माणसं कितीतरी वेळा ठिय्या देऊन बसली, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

आता जंगलाबद्दल. तुम्हाला जे गवताचं मोकळं रान दिसतं आणि ज्यात गवा चरताना दिसतो, त्यातलं पुष्कळसं आमचं शिवार आहे. नांगर थांबला, गुरं गेली, गवत आलं, मागोमाग गवा आला. वनखातंही ती कुरणं मुद्दाम राखतं, नाहीतर झाडोरा आत घुसेल. म्हणजे मंजूताईंच्या मुलांनी जो गवा बघितला तो कदाचित कुणाच्या तरी नाचणीच्या वावरात उभा होता.

पुढच्या वेळी गाडी मोकळ्यावर थांबली की नीट बघा. रांगेत आंबे आणि फणस दिसले तर ते लावलेले आहेत. चिऱ्याची चौकोनी जोती दिसतील, एखादं तुळशीवृंदावन दिसेल. तिथं बूट घालून चढून फोटो काढू नका, एवढीच विनंती.

सह्यवेडा_पुणे

वारणाथडी दादा, राग कसला. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सफारीतही 'इथं पूर्वी गाव होतं' एवढं एक वाक्य ऐकलं होतं. तुम्ही पुन्हा जाता का आत?

वारणाथडी

जातो. आमच्या ग्रामदेवतेचं देऊळ आत आहे. वर्षातून एकदा परवानगी काढून गावची माणसं जमतात. मुंबईहून, इचलकरंजीहून येतात. नैवेद्य होतो, ओटी भरतात, संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं. पूर्वी रात्रभर जागर व्हायचा, तो आता नाही. म्हाताऱ्या बायका देवळात कमी आणि आपापल्या जोत्यावर जास्त वेळ बसतात.

जांभा_आणि_बेसाल्ट

या धाग्यावर भूगर्भाचं थोडं लिहायलाच हवं. रानवाटा यांनी वरचं कवच सांगितलं, मी खालचं सांगतो.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, ६.३ तीव्रतेचा. धरणाच्या जलाशयाशी निगडित भूकंपांत जगभर ज्याचं नाव आधी घेतलं जातं तो हा. वारणेचा जलाशय भरू लागल्यावर, १९९३ पासून, धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला वारणेकडेही सरकला. तेव्हापासून कोयना-वारणा हा टापू शास्त्रज्ञांच्या दृष्टीनं एकच आहे. लहान धक्के इथं नेहमीचे. जुन्या लोकांना विचारा, भांडी वाजली की ते फक्त वर बघतात.

याचा अभ्यास करायला कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि तिच्यामार्फत २०१६-१७ मध्ये गोठणे इथं सुमारे ३ किमी खोल विवर खणलं गेलं. त्यातून जे कळलं ते मला फार विलक्षण वाटतं. वरचे सव्वा किलोमीटर नुसते लाव्ह्याचे थर, एकावर एक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्याखाली एकदम ग्रॅनाइटसारखा कितीतरी जुना खडक. दोहोंच्या मधे कसलाही वेगळा गाळाचा थर नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा तो उघड्या, झिजलेल्या जुन्या जमिनीवर पसरला. प्रचितगडाच्या कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात ना, त्याच थरांची ती कापलेली कड.

आणि सडे नुसते सुंदर नाहीत, त्यांच्यातल्या ॲल्युमिनियमवर खाणवाल्यांचा डोळा असतो. शाहूवाडीच्या बाजूला बॉक्साइटच्या खाणींनी सड्यांचं काय केलं ते जाऊन बघा. वरचं कवच एकदा काढलं की पाऊस मुरायचा थांबतो आणि खालचे झरे आटतात. संरक्षित हद्दीच्या बाहेर राहिलेल्या सड्यांसाठी कोण बोलणार, हा मला वाघापेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

देवरुखची_सई

आम्ही या डोंगराच्या खालच्या अंगाचे. घाटावरचे लोक चांदोलीबद्दल बोलतात तेव्हा कोकणाची बाजू विसरतातच, म्हणून लिहिते.

आमच्या बाजूला पायथ्याशी शृंगारपूर. इथं सुर्व्यांचं राज्य होतं. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ते जिंकलं. संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांच्या कन्या. गावाच्या डोक्यावर प्रचितगड, म्हणजे घाटवाटांवरचा पहारा. माले घाट, तिवरे घाट या वाटांनी देश आणि कोकण जोडलेलं होतं. मीठ, मासळी, तांदूळ वर जायचा, गूळ आणि धान्य खाली यायचं. आणि १६८९ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरकडून मुकर्रबखान हाच सह्याद्री उतरून संगमेश्वरला पोहोचला आणि संभाजी महाराज पकडले गेले. माझ्या आजोबांसारखे लोक ही गोष्ट सांगताना अजून आवाज खाली घेतात.

शृंगारपुराहून गडावर चढता येतं. वाट खडी आहे, शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी आहे. घसाऱ्यामुळे वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. वर पाण्याची टाकी, तोफा आणि देवीचं देऊळ. गडावरून पूर्वेकडे बघितलं तर चांदोलीचं जंगल क्षितिजापर्यंत. पण गड संरक्षित क्षेत्रात येतो, आधी वनखात्याची परवानगी काढा. न विचारता गडावर मुक्काम करून शेकोट्या पेटवणारे गट येतात. वाळलेल्या गवतात ठिणगी पडली तर काय होईल याचा विचार करत नाहीत. फेब्रुवारीनंतर तर तिथं काडीसुद्धा पेटवू नये.

रानवाटा

सई, हे फार महत्त्वाचं. भर घालतो : घाटमाथ्यावर पाथरपुंज नावाचं गाव आहे, याच डोंगरांत. काही वर्षी तिथं एका पावसाळ्यात ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेलाय. अरबी समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडतात, वर चढताना थंड होतात आणि सगळं पाणी माथ्यावरच रिकामं करतात. तिथून पूर्वेला शिराळा ओलांडून पुढं गेलात की दुष्काळी तालुके लागतात. मधलं अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. वारणेचं पाणी सांगलीपर्यंत पोहोचतं ते या माथ्यामुळे. चांदोली का राखायची, याचं माझ्यासाठी पहिलं कारण हेच.

मिरजेची_मंजू

वाघाचं काय मग? आम्ही तर वर्तमानपत्रात वाचलं की वाघीण आणून सोडली. पूर्वी वाघ नव्हते का?

धनेश

होते. शिकार आणि जंगलतोड यांनी संपत गेले. व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हा इथं मुक्कामी वाघ जवळजवळ नव्हतेच, अधूनमधून पाऊलखुणा किंवा विष्ठा सापडायची. २०१८ मध्ये कॅमेऱ्यात एक वाघ आला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. नंतर अलीकडच्या वर्षांत आणखी नर आले. ते दक्षिणेकडून येतात. कर्नाटकातलं काळी, गोव्यातलं म्हादई, मग तिलारी, राधानगरी, आणि मग आपलं चांदोली अशी ती वाट आहे. तरुण नर घर शोधत शेकडो किलोमीटर चालतो. मादी एवढी लांब जात नाही, जन्मगावाच्या आसपास राहते. त्यामुळे नर येत होते आणि जोडीदार नसल्यानं घर काही वसत नव्हतं.

म्हणून केंद्रानं ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायला परवानगी दिली, तीन नर आणि पाच माद्या. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याची चंदा नावाची वाघीण आणली. आधी सोनार्लीच्या कुंपणात ठेवली, जागेची सवय होऊ दिली आणि मग मोकळी केली.

तरीही सफारीत वाघ दिसेल अशी आशा धरू नका. आणि मला एक शंका आहेच. वाघाला खाणं हवं म्हणून सागरेश्वरहून चितळं आणून इथं सोडली गेली. चितळ हा मुळात मोकळ्या, कोरड्या रानातला प्राणी. एवढ्या पावसाच्या माथ्यावर तो किती टिकेल? सांबर आणि भेकर वाढतील अशी राखण केली तर वाघाचं भागेल, असं माझं मत.

वारणाथडी

सोनार्लीच्या कुंपणाची बातमी आली तेव्हा आमच्या पुनर्वसनाच्या वसाहतीत बरीच चर्चा झाली. एक म्हातारे म्हणाले, वाघिणीला जागेची सवय व्हायला कुंपण घातलं, डॉक्टर ठेवला, खाणं दिलं, चांगलंच केलं. माणसांना उठवलं तेव्हाही अशी कुणी सवय लावून दिली असती तर बरं झालं असतं. त्यांच्या बोलण्यात वाघाबद्दल वाकडं काही नव्हतं. आमच्यात वाघाला देव मानतात, वाघजाईचं ठाणं सगळ्या गावांत होतं.

सह्यवेडा_पुणे

धनेश, चितळांबाबत मी असहमत. वाघ आणले तर त्यांना आज खाणं हवं. सांबरांची संख्या वाढायला किती वर्षं जातील? भुकेला वाघ बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या गुरांवर येईल आणि मग गावकरी विरोधात जातील. थोडी चितळं हा मधला मार्ग वाटतो.

धनेश

गुरांचा मुद्दा मान्य. बफरमधल्या माणसाची गाय गेली तर भरपाई लगेच हातात पडली पाहिजे, हे चितळांपेक्षा जास्त महत्त्वाचं. पण बाहेरून जनावर आणून जंगल भरायची सवय लागली की असलेलं गवत, असलेलं पाणी आणि चोरटी शिकार यांच्याकडे दुर्लक्ष होतं. शिकाऱ्यांचे फासे अजून सापडतात. तिथं गस्त घालणारे वनरक्षक आणि हंगामी मजूर पावसात चिखल तुडवत किती चालतात ते मी बघितलंय. पैसा आधी त्यांच्या बुटांवर आणि छपरांवर खर्च व्हावा.

आजोबांसोबत_फिरस्ती

माझ्यासोबत सत्तरीचे सासरे येणार आहेत. चालणं कमी जमतं. कुठून कसं जायचं, कुणी नीट सांगेल का? कोयनेची बाजू सोपी की चांदोलीची?

रानवाटा

चांदोलीसाठी ईश्वरपूरहून (पूर्वीचं इस्लामपूर) शिराळा, मग कोकरूडवरून वारणावती. तिथं धरणाजवळ राहायची सोय होते. उद्यानाचं दार मणदूरच्या बाजूला. वाटाड्या सक्तीचा आहे आणि असायलाच हवा. गाड्या, शुल्क, साप्ताहिक सुट्टी यांत बदल होत असतात, निघण्याआधी वन्यजीव विभागाकडे चौकशी करून पक्कं करा. सासऱ्यांना गाडीतूनच झोळंबीचा सडा, जनीचा आंबा, जलाशयाचा काठ एवढं आरामात बघता येईल. पाठीला उशी घ्या, रस्ता कच्चा आहे. आत खायला-प्यायला काही मिळत नाही. मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, घरी आधी सांगून ठेवा.

कोयनेच्या बाजूचं आकर्षण म्हणजे वासोटा किल्ला. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीनं जायचं आणि मग चढायचं. चढ चांगला खडा आहे, सासऱ्यांना बोटीची फेरी जमेल, गड नको. तिथं पायथ्याला वनखातं प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतं आणि परतल्यावर पुन्हा मोजतं. ही पद्धत सगळीकडे यायला हवी.

देवरुखची_सई

शिराळ्याहून जाताय तर गुढे-पाचगणीचं पठारही बघा. संध्याकाळी वारा भन्नाट असतो आणि गाडी वरपर्यंत जाते.

गुरुजी_वाळवा

धागा पूर्ण वाचला. आठवीच्या मुलांची सहल न्यायचा विचार आहे. आमच्या वर्गात वसाहतीतली मुलंही आहेत, ज्यांचे आजी-आजोबा आतल्या गावांतले. त्यांना घेऊन जाताना काय दाखवावं, काय टाळावं?

धनेश

गुरुजी, चाळीस मुलं एकदम नेऊ नका. दोन गटांत, दोन दिवशी न्या. प्रत्येक गटाला एकच काम द्या : एका गटानं पाऊलखुणा आणि विष्ठा शोधायच्या, दुसऱ्यानं फळं आणि बिया. विष्ठेत केस आहेत की बिया, एवढ्यावरून मुलं कितीतरी ओळखतात. हात लावायचा नाही, काडीनं बघायचं.

जांभा_आणि_बेसाल्ट

आणि एक बाटली पाणी सड्यावर ओतून दाखवा, एक जंगलातल्या पानांच्या थरावर. कुठं किती वेळात मुरतं ते मुलांनीच मोजावं. नदी कुठून येते हा धडा तिथंच शिकवून होईल.

वारणाथडी

गुरुजी, वसाहतीतल्या मुलांना आधी घरी विचारून यायला सांगा की आपलं गाव कुठलं, देऊळ कुणाचं, पाणवठा कुठं होता, वावराचं नाव काय होतं. प्रत्येक वावराला नाव असायचं. मग आत गेल्यावर वाटाड्याला ती नावं सांगा. वाटाड्यांत आपल्याकडचीच पोरं आहेत, त्यांना बऱ्याच जागा ठाऊक असतात. गावठाणावर मुलांना थोडा वेळ उतरू द्यायला अधिकाऱ्यांची परवानगी आधीच लेखी मागून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही.

कुठल्या गावची मुलं आहेत ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून कळवा. त्या गावचे जाणते लोक वसाहतीत आहेत, सहलीच्या आदल्या आठवड्यात त्यांना शाळेत घेऊन येतो.